परीक्षा होईपर्यंत सांगू नका

या हकिगतीचा पहिला अर्धा भाग मी अनेकदा सांगितला आहे. शिक्षक दिनाला सांगितला, क्लासच्या गुणगौरव समारंभात सांगितला, एकदा परभणीच्या गाडीत समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितला. भूकंपात आई गेलेली एक मुलगी, तिला बोलतं करणारी एक म्हातारी आणि शेवटी डॉक्टर झालेली तीच मुलगी. लोक टाळ्या वाजवत. मी खांद्यावरची शाल सावरत खाली बसत असे. दुसरा अर्धा भाग मी टाळत आलो. बायकोलाही सांगितला नाही. ती गेल्यावर वाटलं, आता विचारणारंच कुणी उरलं नाही, म्हणजे सुटलो. तसं झालं नाही. नांदेडच्या घरात दुपारभर एकटा असतो आणि तोच अर्धा भाग समोर येऊन बसतो. म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच घालणार नाही. ज्यांची घालायला हवीत त्यांना विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.

मी मूळचा नांदेडचा. शाळेत आम्हाला एक सर होते. ते रविवारी पोरांना गोदावरीच्या काठाला न्यायचे आणि प्रत्येकाला वेगळं बसवायचे. याला ते 'जागा धरणं' म्हणत. एक जागा निवडायची, दर रविवारी तिथेच जायचं, गप्प बसून बघायचं. संध्याकाळी जे दिसलं ते घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं. घरच्यांना नाही, कारण घरचे 'बरं बरं' म्हणतात आणि जेवायला वाढतात. मी गल्लीतल्या शिंप्याला सांगायचो. तो मशीन थांबवायचा नाही, पण मला सोडायचाही नाही. "परवा म्हणलास खंड्या एकटा हाय. आज दोन कुठून आले?" मग पुढच्या रविवारी दुसरा खंड्या कुठून येतो ते बघणं मला भाग पडायचं. त्या शिंप्याला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त पुढचं ऐकायचं असायचं.

भूकंपानंतर मी किल्लारीच्या बाजूच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायला गेलो. लोक तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, शाळाही शेडमध्येच होती. पुढे नव्या जागेवर सिमेंटची घरं झाली. रस्ते सरळ, घरं एकसारखी, प्रत्येक घरावर नंबर. सुरुवातीला माणसं स्वतःचंच घर चुकायची. एका आजोबांनी खूण म्हणून दाराला जुनी चप्पल टांगली होती. जुन्या गावात ज्यांची भिंतीला भिंत होती ते आता दोन टोकांना गेले होते. सावलीचं म्हणावं असं झाड एकही नव्हतं. म्हातारी माणसं भिंतीच्या सावलीबरोबर सरकत दिवस काढायची.

वर्गात मुलं दाराजवळच्या जागेसाठी भांडायची. छताखाली आत बसायला कुणी तयार नसे. शेजारच्या रस्त्यानं ट्रक गेला तरी अर्धा वर्ग बाहेर. मग मीच एक दिवस सगळ्यांना घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यावर गेलो आणि जागा धरायला लावल्या. मुख्याध्यापक विचारायचे, "सर, पोर्शन कुठवर आलाय?" ओट्यावर बसणारे म्हणायचे, "लोक शेरडं राखत्यात, हे सर पोरं राखत्यात." मी ऐकून घेत असे, कारण ओढ्यावर ती पोरं गप्प बसू शकत होती आणि वर्गात बसू शकत नव्हती.

त्यांच्यात ही मुलगी होती. पाचवीतली. आई आणि धाकटा भाऊ भूकंपात गेलेले. घरी वडील, त्यांना ती आबा म्हणायची. घरची शेती होती, आबा ती करत आणि स्वयंपाकही करत. मुलगी बोलत नसे. विचारलं तर मान हलवायची, वेणीचं टोक तोंडात धरायची. तिनं ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळावर, उघड्यावरची एक जागा धरली. बाकीच्यांनी करंजाची सावली शोधली होती.

शनिवारी मी मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठवायचो, आपल्या भावकीबाहेरच्या. कुणाकडे कुणी जायचं ते मीच ठरवलं होतं. या मुलीला मी बूबूकडे धाडलं. भाषणांत मी सांगत असे की, त्यामागे माझा फार विचार होता. खरं म्हणजे बूबूचं घर ओढ्याच्या वाटेवर पहिलंच होतं, एवढाच विचार होता.

बूबू जातीनं मनियार. डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांत बांगड्या भरण्यात तिचा जन्म गेला होता. भूकंपात मुलगा, सून, नातू, तिघंही गेले. त्यानंतर तिनं टोपली खाली ठेवली ती उचललीच नाही. लोक म्हणत, अजून दोन-चार गावं फिरू शकेल. ती म्हणे, "हात कुणाचे धरू? अर्ध्या बाया मातीत गेल्या, अर्ध्यांना आता लागत न्हाईत." बाकी तिचं तोंड फटकळ होतं आणि दुसऱ्याच्या घरातलं जाणून घ्यायची हौस अपार.

पहिल्या एक-दोन शनिवारी मुलगी नुसती बसून परत आली. पुढच्या वेळी मी दाराबाहेर थांबलो. आतून बूबूचा आवाज येत होता.

"अगे, मुकी हाईस का? तोंडात वेणी धरून काय खाऊन राहिली? सांग की, काय बघितलंस?"

बऱ्याच वेळानं मुलीचा आवाज आला. "टिटवी."

"आं? ती तर वाईट. वरडली की कुणीतरी जातंय म्हणत्यात. मग? काय करत होती?"

"अंडी घातल्यात."

"कुठं? झाडावर?"

"न्हाई. भुईवर. उघड्यावर."

"भुईवर? येडी हाय का? घर न्हाई बांधत?"

"तिला भिंतच न्हाई," मुलगी म्हणाली. "मग पडायचं काय?"

बूबू म्हणाली, "हां. हे बरोबर हाय तिचं. पण कुत्रं आलं तर?"

ते मुलीला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी ती एकटीच माळावर गेली. कुत्रं आलं की टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत दूर जाते आणि कुत्र्याला आपल्या मागे नेते, हे तिनं पाहिलं. धावत येऊन तिनं ते बूबूला लंगडून दाखवलं. बूबू हसून हसून खोकायला लागली आणि म्हणाली, "लबाड हाय की गे तुझी टिटवी." त्या दिवसापासून मुलगी बोलायला लागली.

पुढे कधीतरी बूबूनं तिचा हात हातात घेतला आणि बोटांनी मनगट चाचपलं. म्हणाली, "तुझ्या आईला अडीचची लागायची. लई मऊ हात. चढवताना साबण कधी लागला न्हाई."

"दुखायचं का तिला?"

"हसायची. मी म्हणायची, हळू, फुटंल. तर म्हणायची, फुटू दे, बूबू, तू हाईस की."

आईबद्दल मुलीशी तोवर कुणी बोललंच नव्हतं. आबांना जमत नव्हतं आणि बाकीचे तिच्यासमोर विषय बदलत. ती बूबूला पुन्हा पुन्हा तेच विचारायची आणि बूबू दर वेळी थोडं वाढवून सांगायची.

त्या दोघींनी बूबूच्या दारापुढे एक कडुलिंब लावला. मुलगी शाळेत जाताना तांब्याभर पाणी घालायची. मग गल्लीतल्या बायका भांडी विसळलेलं पाणी तिथं ओतायला लागल्या, मग आपापल्या दारापुढे त्यांनीही खड्डे केले. शनिवारी ओट्यावर म्हातारी माणसं जमून पोरांची वाट बघायची. काहीजण पोरांबरोबर ओढ्यापर्यंत यायला लागले. ज्या दोन भावांचं नव्या घरांच्या वाटपावरून बोलणं तुटलं होतं, ते एका पोराच्या जागेवर घोरपड दिसली म्हणून एकत्र बघायला गेले. हे सगळं खरं आहे. ते मी केलं असंही म्हणता येईल, पण मुलांनी पाहिलेलं पोचवलं आणि म्हाताऱ्यांनी विचारलं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. निरोप खरा पोचत होता म्हणून ते चाललं.

याच सुमाराला लातूर भरायला लागलं. नांदेड, परभणी, बीड, उदगीर, सगळीकडून मुलं ट्रंका घेऊन येऊ लागली. प्रत्येक गल्लीत वसतिगृह, प्रत्येक वसतिगृहाखाली मेस. बोर्डात लातूरची मुलं चमकली की राज्यभर नाव व्हायचं. एका क्लासवाल्यांनी मला जीवशास्त्रासाठी बोलावलं. मी गेलो. घरची ओढाताण संपणार होती हे एक कारण, आणि हातात माइक येणार होता हे दुसरं. गावातल्या मुलांना मी म्हणालो, दर महिन्याला येत जाईन. सुरुवातीला एकदोनदा गेलो.

क्लासच्या हॉलला पत्रे होते आणि खिडक्यांना जाड पडदे, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर करंज होता. मी करंजाचं संयुक्त पान फळ्यावर काढायचो, पडदा मात्र कधी सरकवला नाही. मी चांगला शिकवायचो, हे खोट्या नम्रतेनं नाकारत नाही. चार पर्यायांतला बरोबर कोणता, हे माझी मुलं प्रश्न पुरता वाचायच्या आत सांगत.

तिथं एक रीत होती. ती फक्त माझी नव्हती, सगळ्या लातूरची होती. बारावीच्या मुलाला घरची वाईट बातमी परीक्षेआधी कळू द्यायची नाही. आजोबा गेले, आई दवाखान्यात आहे, घरावर काही आलं आहे, सगळं आधी सरांना सांगायचं आणि सर ठरवतील तेव्हा मुलाला. पालक स्वतःच येऊन तसं सांगत. "सर, तिची आजी वारली. पण परीक्षा होईपर्यंत सांगू नका." मी मान हलवायचो. मुलगा समोर बसून पेशीविभाजन लिहून घेत असायचा आणि मला माहीत असायचं की त्याच्या घरी आज दहावा आहे. पहिल्यांदा जड गेलं, मग सवय झाली. मुलाचं भलं करतो आहोत असंच वाटायचं, आणि निकाल लागल्यावर पालक पेढे घेऊन यायचे तेव्हा तसं वाटण्यात चूकही दिसत नसे.

दहावीनंतर त्या मुलीला मीच लातूरला आणलं. आबा म्हणाले, "सर, आमी काय जाणतो? पोरगी तुमच्या हवाली." मुलीला शेतीचं शिकायचं होतं. मी म्हणालो, एवढे मार्क असून मातीत कशाला जातेस? ती काही बोलली नाही. ती बोलली नाही याचा अर्थ मी होकार घेतला. निघताना बूबू तिला म्हणाली होती, "तिथं काय बघशील ते येऊन सांग." मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दिवाळीला सोडू की." दिवाळीलाही जादा तास ठेवले होते. तरी ती पहिल्या वर्षी अधूनमधून जाऊन आली. दुसऱ्या वर्षी मी जाऊ दिलं नाही.

परीक्षा तोंडावर आली होती. मी वर्गात होतो. ऑफिसातल्या माणसानं खूण केली, गावाकडून फोन आहे.

"सर, मी बोलतोय. पोरीचा बाप."

"बोला. बरे आहात ना?"

"आमी बरे हाव. बूबूचं काय खरं न्हाई. खाईना, पिईना. पोरीचं नाव घेऊन राहिली सारखं. मी दुपारच्या जीपनं येतो न्यायला. भेट झाली की सांजच्याला परत आणून सोडतो. चालंल का?"

गाव तिथून फार लांब नव्हतं. एका दुपारचं काम होतं.

मी म्हणालो, "आता नेलंत तर वर्ष गेलं म्हणून समजा. ती मनानं हळवी आहे. परीक्षा होईपर्यंत सांगू नका."

मग ते म्हणाले, "पर सर, म्हातारी रोज इचारती, कळवलं का म्हणून. तिला काय सांगू? खोटं बोलू का मरत्या माणसासंगं?"

"खोटं कशाला? सांगा, कळवलंय. पेपर झाले की येते म्हणाली."

"कळवलंय म्हणू?"

"हो."

"बरं. तुमी म्हणताव तसं, सर."

मी वर्गात परत गेलो आणि राहिलेला तास घेतला. कुठला धडा होता तेही आठवतं. लिहीत नाही.

रविवारी मुलगी ऑफिसच्या दाराशी आली. "सर, गावाकडून काही?"

"सगळे बरे आहेत. बूबूनं निरोप दिलाय, डॉक्टर होऊनच ये."

ती हसली. तिच्या लक्षात यायला हवं होतं. बूबूला डॉक्टर काय आणि तहसीलदार काय, सारखंच. तिनं निरोप धाडला असता तर एवढाच, कधी येतीस. पण मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण निरोप जसाच्या तसा पोचवायचा असतो हे तिला मीच शिकवलं होतं.

आबांचा दुसरा फोन आला तेव्हा त्यांनी मला बोलायचं कामच ठेवलं नाही. "गेली, सर. सकाळी. गल्लीनं सगळ्यांनी खांदा दिला, मी बी दिला. पोरीला न्हाई सांगत. परीक्षा होईपर्यंत न्हाई सांगत."

परीक्षा झाली. मुलगी ट्रंक वसतिगृहात ठेवून, हातातली पिशवी घेऊन गावाला गेली. परत आली ती सरळ माझ्या घरी. माझी बायको पाणी घेऊन आली तर तिनं ते घेतलं नाही. गावात काय झालं ते तिनंच सांगितलं. जीपमधून उतरून ती आधी बूबूच्या घरी गेली होती. दाराला कुलूप. शेजारच्या काकू लिंबाखाली भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आलीस व्हय? आता कशाला? म्हातारी रोज दार उघडं ठेवायला लावायची. कळवलं व्हतं की तुला." ज्या ओट्यावर तिला बघून सरकून जागा व्हायची, तिथं कुणी सरकलं नाही.

"मला कुणीच कळवलं नाही, सर. आबांना विचारलं तर खाली बघतात. म्हणतात, चुकलं माझं. नुसतं तेवढंच." मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

माझी बायको दारात उभी होती. भिंतीवर सत्काराचे फोटो होते. मी म्हणालो, "मलाही नंतर कळलं. तुझ्या वडिलांनी आधी सांगायला हवं होतं."

तिनं मान हलवली. लहानपणी हलवायची तशी.

निकाल लागला. तिला नांदेडच्या सरकारी मेडिकलला जागा मिळाली. क्लासच्या चौकातल्या बोर्डावर तिचा फोटो मोठा करून लावला, शेजारी माझा. गावातली माणसं कामाला लातूरला आली की तो बोर्ड बघायची आणि परत जाऊन काय बोलायची ते माझ्या कानावर यायचं. "म्हातारीनं बोलतं केलं, अन् म्हातारी मरताना हिला वेळ न्हवता." ती गावाला जाईनाशी झाली. सुट्टीत वसतिगृहातच राहायची.

एकदा आबा लातूरला आले. शेतातल्या हिरव्या हरभऱ्याची जुडी आणली होती. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरगी माझ्यासंगं बोलंना. फोन केला तर बरं हाय म्हणती अन् ठेवती. तुमचं ऐकंल. तुमी एक शब्द सांगा तिला."

"सांगतो," मी म्हणालो.

तुम्हीच तर म्हणाला होता, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नजरेतही तसं काही नव्हतं. मला पुष्कळ दिवस वाटत होतं की त्यांना ते सुचलं नसावं. आता वाटतं, सुचलं होतं. पोरीला आई नव्हती, बूबू राहिली नाही, बापाशी बोलणं तुटलं, आता सरही खोटे निघाले तर तिला धरायला काय उरेल, असा काहीतरी हिशेब त्या माणसानं मनात मांडला असणार. मी तिला काहीही सांगितलं नाही.

काही वर्षांनी आबा गेले. शेतातच गेले, अचानक. मी गाडी करून गेलो. मुलगी नांदेडहून आली होती, आत्यांजवळ बसली होती. रडत नव्हती. आमच्याकडे स्मशानात चार शब्द बोलायची पद्धत आहे. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, मग कुणीतरी म्हणालं, "सर, तुमी बोला. तुमचा लई जिव्हाळा होता." मी उभा राहिलो. मला वाटलं, हीच वेळ आहे. सगळं गाव समोर आहे, ती समोर आहे, ते सरणावर आहेत. दोन वाक्यांत होणारं काम होतं.

मी पहिला अर्धा भाग सांगितला. भूकंप, टिटवी, बूबू, आणि काबाडकष्ट करून लेकीला डॉक्टर करणारा साधा सरळ बाप. माझा आवाजही भरून आला. बायका डोळे पुसायला लागल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की आपल्या बापाबद्दल इतकं चांगलं बोलणाऱ्या माणसाचे ती मनातून आभार मानते आहे. त्यानंतर मी ती गोष्ट पुन्हा कुठल्या व्यासपीठावर सांगितली नाही. ज्यांना वाटलं की मी थकलो, त्यांना तसंच वाटू दिलं.

तीन-चार वर्षांपूर्वी कळलं की ती किनवटकडच्या सरकारी दवाखान्यात आहे. मी नांदेडहून सकाळच्या गाडीनं निघालो. भोकर मागे पडल्यावर सागाचं रान सुरू झालं. पानं गळून गेली होती, आतपर्यंत दिसत होतं. गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. वर्गात कधी अडखळलो नव्हतो आणि चार वाक्यांची तयारी मुदखेडपासून चालली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आश्रमशाळेच्या मुली रांगेत बसल्या होत्या. तिनं मला ओळखलं, खुर्चीवरून उठून आली आणि सगळ्यांसमोर वाकून पाया पडली. नर्सला म्हणाली, "हे माझे सर. यांच्यामुळं मी इथं आहे." केसांत पांढरे आले होते. मला बाकावर बसवून तिनं माझा रक्तदाब मोजला, गोळ्या कोणत्या चालू आहेत विचारलं, मीठ कमी करा म्हणाली. रांग संपेपर्यंत मी तिथंच बसलो. एका लहान मुलीला ती गोंडीत काहीतरी विचारत होती, ती मुलगी लाजून भिंतीकडे तोंड करत होती.

मग चहा आला. आम्ही दोघंच होतो. तिनं कप हातात धरला आणि स्वतःहून म्हणाली, "सर, एक विचारू? आबांनी मला तेव्हा का सांगितलं नसेल? तुम्ही त्यांना ओळखत होता. मला अजून कळत नाही. खोटं बोलणारे नव्हते ते."

मी ज्यासाठी आलो होतो ते तिनंच माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. तिनं मला 'सर' म्हणावं याचा मला किती लोभ होता ते त्या क्षणी मला कळलं. मी म्हणालो, "जुनी माणसं. घाबरतात. तुझं नुकसान होईल असं वाटलं असेल."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटतं आता. मी त्यांना माफ केलंय, सर. ते असताना करायला हवं होतं. पण केलंय."

मी चहा संपवला. दुपारच्या गाडीला वेळ होता, तरी वेळ झाली म्हणालो. ती स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी होती. म्हणाली, "सर, काही सांगायचं राहिलं का?"

मी नाही म्हणालो.

जाताना जुळवलेली आणि परतीच्या गाडीत वाढलेली वाक्यं अशी होती. तुझ्या आबांनी मला वेळेवर फोन केला होता. त्याच दुपारी तुला न्यायला यायला ते तयार होते, मी नको म्हणालो. बूबूला काय सांगायचं तेही मीच सांगितलं, आणि बूबूचा म्हणून तुला दिलेला निरोप माझा होता. आबांनी तुझ्यापासून काही लपवलं नाही, त्यांनी मला झाकलं. त्यांना माफ करावं असं त्यांच्याकडून काही घडलंच नव्हतं. जे घडलं ते माझ्याकडून. माझं चुकलं, बाळ.